फीडरवरचे पक्षी बघायचेत? मग मोजायला पण शिका

फीडर (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचं भांडं) टांगला की दुसऱ्याच दिवशी झुंबड उडेल असं वाटतं, पण पक्ष्यांना तो सापडायला कधीकधी आठवडे लागतात, तोवर रोज उठून जागा बदलत बसू नका. जागा पहिल्यांदाच नीट निवडा, खिडकीपासून एकतर १ मीटरच्या आत नाहीतर चांगली १० मीटर लांब. जवळून दचकून उडालेल्या पक्ष्याला वेगच घेता येत नाही म्हणून काचेवर आपटला तरी फारसं लागत नाही, मधल्या अंतरावर मात्र जीव जातो. शिकारी पक्षी आला तर लपायला जवळपास झुडूप हवं, पण अगदी खेटून नको, तिथेच मांजर दबा धरून बसतं.

दाण्यांचं फार डोकं लावू नका, काळ्या सूर्यफुलाच्या बिया आणा. पट्टे असलेल्या सूर्यफूल-बियांपेक्षा यांचं टरफल पातळ आणि तेल जास्त, थंडीत तेच तर हवं असतं. ब्रेड नको. भिजलेले दाणे सरळ फेका, बुरशी धरते. दर दोन आठवड्यांनी १ भाग ब्लीच ९ भाग पाण्यात घालून फीडर धुवा, खळखळून विसळा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा (हे काम सगळेच टाळतात, मीपण). डोळे सुजलेला किंवा पिसं फुगवून गप्प बसलेला पक्षी दिसला तर फीडर काही दिवस उतरवूनच ठेवा.

आता मोजणी. पहिल्या हिवाळ्यात मी दिसेल तो पक्षी बेरजेत धरत होतो, वहीत भलतेच आकडे, आणि नंतर कळलं की तेच चार-पाच जण दिवसभर चकरा मारतायत! म्हणून एका वेळी एकत्र दिसले त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी ३, मग ५, मग २ दिसले तर नोंद ५ची, १०ची नाही. उत्तर अमेरिकेतलं प्रोजेक्ट फीडरवॉच, म्हणजे लोकांनी आपापल्या फीडरवरचे पक्षी मोजून कळवायचा उपक्रम, असंच मोजतं.

बसायचं सकाळी लवकर, रात्रभर चरबी जाळून सगळे भुकेले असतात. कोण कसं खातं ते बघा, टिट (एक छोटा चपळ पक्षी) एक दाणा उचलून फांदीवर पळतो आणि पायात धरून फोडतो, फिंच (जाड चोचीचा दाणे खाणारा छोटा पक्षी) तिथेच ठाण मांडून चघळत बसतो, होले खाली सांडलेलं वेचतात. ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण असली तर छान, नसली तरी अडत नाही.

अनोळखी कोणी आला तर आधी चोच, शेपूट आणि पंखावरचे पट्टे डोळ्यात भरून घ्या, पुस्तक नंतर उघडा, पानं उलटेपर्यंत तो गेलेला असतो.