वॉर्डातलं पहिलं पोस्टिंग : या चुका टाळा

टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता) अख्ख्या वॉर्डाचे श्वास ओळीने '२०' लिहिलेले दिसले, तर ते कुणीही मोजलेले नाहीत असं खुशाल समजावं. वॉर्डात नव्याने उतरलेल्या नर्सिंगच्या मुलामुलींची ही सर्रास होणारी चूक, आणि तिला कुणी चूक म्हणतही नाही. इंजेक्शन देताना हात थरथरेल याची धास्ती सगळ्यांना असते, श्वास मोजायचा राहिला याची कुणालाच नसते. पेशंट बिघडू लागतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा आधी श्वास बदलतो, बीपी नंतर पडतं.

नाडी मोजून झाली तरी मनगटावरचा हात काढू नका. तो तसाच ठेवून नजर छातीवर किंवा पोटावर न्या आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. "आता श्वास मोजते हं" असं सांगितलंत की पेशंट नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० ठीक. २५ किंवा त्याहून जास्त आले तर आकडा लिहून पुढच्या बेडकडे जाऊ नका, तिथूनच सिस्टरला हाक मारा.

पुण्यात शिकणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला आणखी एक कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागातून जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमचे, पेशंट एकामागून एक रुग्णालयात येऊ लागले. या आजारात बहुधा पायांतली ताकद आधी जाते, मग हातांतली, आणि काही जणांत श्वासाचे स्नायूही थकतात. इथे 'सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९८ आहे' म्हणून निर्धास्त राहणं घातक ठरतं, कारण स्नायू थकत गेले तरी सॅच्युरेशन बराच वेळ टिकून राहू शकतं. अशा पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगा आणि त्याच एका श्वासात मोठ्याने एक, दोन, तीन मोजायला लावा. सकाळी ३० पर्यंत गेलेला माणूस दुपारी २२ वर थांबला, तर ते लगेच कळवायचं. २० च्या आत अडकला, आवाज नाकातून येऊ लागला, पाणी पिताना ठसका लागला किंवा खोकला क्षीण झाला, तर डॉक्टर त्या क्षणी बेडजवळ हवेत.

बीपीच्या चुका याच जातीच्या. दंड जाड आणि कफ, म्हणजे दंडावर बांधायचा पट्टा, लहान असेल तर बीपी खोटं जास्त येतं. हात लटकत असेल किंवा पायावर पाय टाकलेला असेल तरीही तेच. आधी पाच मिनिटं शांत बसू द्या. कफ कोपराच्या खळीपासून दोन बोटं वर बांधा, नाडी लागायची बंद झाल्यावर त्याच्या वर आणखी २० ते ३० मिमी फुगवा आणि सेकंदाला २ ते ३ मिमी या गतीने हवा सोडा. घाईने सोडली तर वरचा आकडा कमी ऐकू येतो आणि खालचा जास्त. सलाईन चालू असलेल्या हातावर कफ बांधू नका. ज्या हाताला सॅच्युरेशनचा प्रोब (बोटाला लावायचा चिमटा) लावलाय त्याही हातावर नको, कफ फुगला की प्रोबचा आकडा बिघडतो. नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटंही प्रोबला फसवतात.

"तुम्ही शिंदेकाका ना?"

असं कधीही विचारू नये. कमी ऐकू येणारा, झोपेतून उठलेला किंवा नुसता भिडस्त माणूस मान डोलावतो. पुण्यातल्या कुठल्याही जनरल वॉर्डात दोन शिंदे, तीन पवार सहज असतात. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगता का?" असं विचारा, उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या आणि केस पेपरवरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहा. बेड नंबर ही ओळख नाही, कारण पंख्याखाली जागा मिळावी म्हणून पेशंट बेड बदलतात आणि नातेवाईकही अदलाबदल करून घेतात.

पेशंटच्या बोलण्याबद्दलही एक सांगायला हवं. "गॅस झालाय", "पित्त वर आलंय", "जीव घाबरा होतोय" हे ऐकून पित्ताची गोळी आहे का ते बघायला जाऊ नका. हार्ट अटॅक आलेला माणूसही याच शब्दांत सांगतो, विशेषतः मधुमेही आणि बायका. घाम आलाय का, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय का, दम लागतोय का, हे विचारा, नाडी आणि बीपी बघा आणि मग सिस्टरला त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगा. तुम्ही त्याचं 'ॲसिडिटी' असं भाषांतर केलंत, की पुढचा प्रत्येक जण ॲसिडिटीच धरून चालतो.

इन्सुलिन

या एका औषधाला जास्त वेळ द्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) दोन ताकदींच्या मिळतात : एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. जोडी चुकली की डोस कुठच्या कुठे जातो. ४० ची व्हायल केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरली, तर पेशंटला २० नाही, फक्त ८ युनिट मिळतात. उलट १०० ची व्हायल लाल सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरली, तर ५० युनिट जातात, म्हणजे अडीच पट. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचा, आणि भरलेली सिरिंज व्हायलसकट दुसऱ्या सिस्टरला दाखवा. ऑर्डरमध्ये युनिटसाठी नुसता 'यू' लिहिला असेल तर तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. शंका आली की डॉक्टरांना विचारायचं, अंदाज करायचा नाही.

गढूळ इन्सुलिनची व्हायल हलवून फेस आणू नका, तळहातांत घोळवा. साधं (पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं) आणि गढूळ एकत्र द्यायचं असेल तर आधी साधं ओढायचं.

दुसरी चूक वेळेची. साधं इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास देतात. अनेक पेशंटचा डबा घरून येतो, आणि हडपसरहून निघालेला डबा ट्रॅफिकमध्ये अडकला की इन्सुलिन आत आणि पोट रिकामं. डबा बेडपाशी पोहोचलाय का, हे आधी डोळ्यांनी बघा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर लगेच शुगर तपासा. ७० च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) लागेल, त्यासाठी ओरडून मदत बोलवा.

शुगर अचानक ३५० आली आणि पेशंट हसत बोलतोय? बोटाला प्रसादाचा शिरा लागलेला असू शकतो. साबणाने हात धुऊन, कोरडा करून, बोटाच्या कडेला टोचून पुन्हा बघा. स्पिरिट ओलं असताना टोचलं किंवा बोट पिळून थेंब काढला, तरी आकडा चुकतो.

सलाईन थांबलं, आता?

आधी गणित. सेटच्या, म्हणजे सलाईनच्या नळीच्या, पाकिटावर एका मिलीचे किती थेंब ते छापलेलं असतं, बहुतेक मोठ्या सेटवर २०. ५०० मिली चार तासांत द्यायचं तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. पाकीट न वाचता १५ थेंबांचा सेट लावलात आणि ४२ च ठेवलेत, तर तेच सलाईन तीन तासांत संपेल. मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. बाटलीवर चिकटपट्टी लावून दर तासाची पातळी लिहून ठेवा. "फार हळू चाललंय" म्हणून नातेवाईक नळीवरची चक्री फिरवतात, ते पट्टीमुळे तासाभरात लक्षात येतं.

थेंब थांबले तर याच क्रमाने बघा : चक्री, नळीला पडलेली घडी, कोपर किंवा मनगट दुमडलंय का, बाटलीची उंची, आणि शेवटी सुईची जागा. जागा फुगलेली आणि गार असेल तर सलाईन शिरेबाहेर जातंय. लाल, गरम आणि दुखरी असेल तर शीर सुजली आहे. दोन्ही वेळा सलाईन बंद करून सिस्टरला दाखवा, कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) बदलावी लागेल. सिरिंज लावून जोराने दाबू नका, आतली गुठळी पुढे ढकलली जाते.

पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल (औषधाची सीलबंद कुपी) कधीही थेट शिरेत द्यायचं नाही. ते सलाईनमध्ये मिसळून, ठरलेल्या गतीनेच जातं. थेट दिलं तर हृदय थांबतं.

सुई टोचली तर

वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवताना ती हमखास टोचते. टोपण बसवूच नका, सुई हब कटरमध्ये कापा. तरीही टोचलीच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच ओतू नका. लगेच इन्चार्ज सिस्टरना आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना सांगा. एचआयव्हीपासून वाचवणारी औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ओरडा बसेल या भीतीने दोन दिवस गप्प राहणाऱ्या मुलीचं नुकसान फक्त तिचंच होतं. हेपॅटायटिस बीच्या लशीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस वेळेवर पूर्ण करा.

कचऱ्यात हमखास चुकतं ते ग्लोव्ह्जचं : ते लाल पिशवीत, रक्ताचा कापूस आणि ड्रेसिंग पिवळीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेची अँप्यूल निळ्यात.

चूक झालीच तर

चुकीचं औषध किंवा चुकीचा डोस गेला, तर पेशंटजवळून हलू नका. औषध सलाईनमधून चालू असेल तर ते बंद करा, पण कॅन्युला काढू नका, उपचारासाठी तीच लागेल. श्वास, नाडी, बीपी बघा आणि सिस्टरना तिथेच बोलवा. काय दिलं, किती, कोणत्या मार्गाने, किती वाजता, हे जसं घडलं तसं लिहा. आधीची चुकीची नोंद खोडरबर किंवा व्हाइटनरने पुसू नका. एक आडवी रेघ, तारीख, सही, एवढंच. रिकामं अँप्यूल आणि सिरिंज लगेच कचऱ्यात टाकू नका, डॉक्टर येईपर्यंत ट्रेमध्ये बाजूला ठेवा.