मांड्या आणि नितंबांसाठी घरच्या घरी पिलाटीस

कोल्हापूरच्या तालमींत बैठका मारून पाय कमावण्याची रीत जुनी आहे; जर्मनीत जन्मलेल्या जोसेफ पिलाटीस (१८८३–१९६७) यांच्या पद्धतीत मात्र संख्येपेक्षा श्वास, संथ गती आणि पोटाच्या स्नायूंवरील ताबा यांना अधिक महत्त्व आहे. त्यासाठी सतरंजीएवढी जागा पुरते.

सुरुवात सेतूने करावी. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, पावलांत कमरेच्या रुंदीएवढे अंतर ठेवावे आणि श्वास सोडत, माकडहाडापासून एकेक मणका उचलत, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत सरळ रेषा होईल एवढेच नितंब वर न्यावेत. वर श्वास घ्यावा आणि तो सोडताना छातीकडून कमरेकडे अशा उलट क्रमाने खाली यावे. ८ ते १० आवर्तने पुरेशी आहेत. मांडीच्या मागे पेटका आल्यास टाचा नितंबांजवळ घ्याव्यात. उंची वाढवण्याच्या हौसेने कंबर ताणणे मात्र टाळावे.

त्यानंतर कुशीवर झोपून, दुमडलेल्या पायांच्या टाचा जुळलेल्या ठेवत, वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडावा. कंबर मागे कलंडू देऊ नये. पुढे तोच पाय सरळ करून उचलता येतो.

गुडघेदुखी किंवा कंबरदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. एरवी आठवड्यातून ३ दिवस सराव करावा, आणि जोतिबाच्या पायऱ्या चढून आलेल्या दिवशी खुशाल सुट्टी घ्यावी.