लोखंडी सांगाड्याचं घर थंडीत उबदार कसं केलं: माझा अनुभव

निफाडकडची थंडी द्राक्षबागवाल्यांना वेगळी सांगायला नको. आमचं मळ्यातलं घर लोखंडी सांगाड्याचं. दुपारी तापायचं, दिवेलागणीला गार. पहाटे खांबांना आतून घाम फुटलेला असायचा.

खांबांच्या मधे थर्मोकोल होता, पण उष्णता लोखंडातूनच पळते. म्हणून बाहेरून खांबांवरूनही जाईल असा सलग थर लावला, त्यावर पत्रा.

मग दक्षिणेची खिडकी मोठी केली. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४६-४७ अंश वर येतो आणि ऊन थेट आत शिरतं. दीड फुटी छज्जाची सावली तेव्हा दीड फुटाच्या आसपास पडते. एप्रिलच्या मध्यावर मात्र सात फुटांहून जास्त, म्हणजे अख्खी खिडकी झाकली. मिस्त्रींना हे खडूने जमिनीवर काढून दाखवलं तेव्हा कुठे पटलं!

पत्रा ऊब साठवत नाही. म्हणून खिडकीसमोर काँक्रीटवर काळ्या दगडाची फरशी टाकली आणि सतरंजी गुंडाळली. आईची कुरकुर अजून चालूच आहे. सूर्य मावळला की जाड पडदे ओढायचे, नाहीतर काचेतून सगळं परत जातं. पहाटे स्वेटर लागतोच, शेगडी मात्र नाही.