ब्रिटनमध्ये बोनसवरचा कर पेस्लिपवर कसा तपासावा

एप्रिलच्या पगारात बोनस आला की ओळखीपाळखीतून एक तरी फोन येतोच: "बोनसचे चाळीस टक्के कापले, चूक झाली असेल ना?" पुण्या-मुंबईहून नुकत्याच आलेल्यांना तर रात्रभर झोप लागत नाही. बहुतेक वेळा चूक नसते. पण कधीकधी असते, आणि ती कुठे शोधायची हे माहीत असायलाच हवं.

ब्रिटनमध्ये बोनससाठी वेगळा करदर नाही. बोनस त्या महिन्याच्या पगारात मिसळतो आणि दोन्हीवर मिळून कर कापला जातो.

पहिली पायरी: टॅक्स कोड, म्हणजे तुमची किती रक्कम करमुक्त धरायची हे कंपनीला सांगणारा कोड. पेस्लिपवर बहुतेकांचा १२५७एल असतो, म्हणजे वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त. त्याच्या मागे एम१ किंवा डब्ल्यू१ लागलं असेल तर सावध व्हा. अशा कोडमध्ये प्रत्येक महिना सुटा धरतात, मागचा-पुढचा हिशेब जुळवला जात नाही. नवी नोकरी धरताना जुन्या कंपनीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार आणि कराचा दाखला) दिला नसेल तर हे बरेचदा होतं. एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या कर खात्याच्या) ॲपवर किंवा फोनवर माहिती देऊन बोनसच्या आधीच कोड दुरुस्त करून घ्या.

दुसरी पायरी: प्राप्तिकर स्वतः मांडून बघा. करमुक्त रकमेपुढे ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के, १,२५,१४० पर्यंत ४० टक्के, त्यावर ४५ टक्के. (स्कॉटलंडचे दर वेगळे, तिथल्या कोडच्या सुरुवातीला एस असतो.) करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि साधा कोड वर्षारंभापासूनची बेरीज धरून चालतो. खरी गोम इथेच आहे.

समजा पगार महिना ३,००० पौंड, म्हणजे एरवी कर सुमारे ३९०. एप्रिलअखेरच्या पगारात ४,००० बोनस आला. वर्षाचा पहिलाच महिना, त्यामुळे करमुक्त रकमेपुढे २० टक्क्यांच्या पट्ट्याचा (१२,५७० ते ५०,२७० पौंड) बारावा हिस्साच, साधारण ३,१४२ पौंड, वापरायला मिळतो. उरलेल्यावर ४० टक्के. कर होतो सुमारे १,७५२. पोटात गोळा येतो. पण मे आणि जूनमध्ये कर ३९० ऐवजी १५२ च्या आसपास उतरतो, जुलैत ३०४, आणि जुलैअखेर जास्तीचे ५६२ पौंड पूर्ण परत आलेले असतात. हाच बोनस डिसेंबरमध्ये आला असता तर तोवर साठलेला पट्टा पुरला असता आणि बोनसवर सरळ ८०० पौंड गेले असते. वर्षाअखेर दोन्हीकडे कर सारखाच. म्हणून एप्रिलची पेस्लिप एकटी पाहून घाबरू नका. जुलैपर्यंतच्या चारही शेजारी ठेवा.

तिसरी पायरी: नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी. याचा हिशेब त्या महिन्यापुरताच, नंतर जुळवाजुळव नाही (कंपनीचे संचालक याला अपवाद). महिन्याच्या १,०४८ ते ४,१८९ पौंडांवर ८ टक्के, त्यावर २ टक्के. वरच्या उदाहरणात बोनसमुळे जास्तीचे सुमारे १५१ पौंड जातात. तेच ४,००० बारा महिन्यांत वाटून दिले असते तर ३२० गेले असते. म्हणजे इथे एकरकमी बोनस फायद्याचाच ठरतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

चौथी पायरी: बोनस मिळण्याआधी पेन्शनचा विचार. वर्षाचं उत्पन्न १,००,००० पौंडांच्या वर जात असेल तर ही पायरी सोडूच नका. त्यापुढच्या दर दोन पौंडांमागे करमुक्त रकमेतला एक पौंड कमी होतो, त्यामुळे १,२५,१४० पर्यंतच्या टप्प्यात प्रत्यक्षात ६० टक्के प्राप्तिकर आणि वर २ टक्के इन्शुरन्स जातो. लहान मूल असेल तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअरही (पाळणाघराच्या खर्चाला मिळणारी सरकारी मदत) हातचं जातं. कंपनीत बोनस सॅक्रिफाइसची सोय असेल तर बोनसचा भाग थेट पेन्शनमध्ये वळवा. मात्र लेखी होकार बोनसवर हक्क लागू होण्याआधी द्यावा लागतो; बोनसचं पत्र हाती पडल्यावर बहुधा उशीर झालेला असतो. एचआरला जानेवारीतच विचारून ठेवा. पेन्शनमध्ये वर्षाला साधारणपणे ६०,००० पौंडांपर्यंतच करसवलत मिळते, तेवढं भान ठेवा.

शेवटची पायरी: जास्त कर खरंच कापला गेला असेल तर. ३१ मेपर्यंत कंपनीने पी६० (सरलेल्या करवर्षाचा पगार आणि कराचा दाखला) द्यायलाच हवा. त्यावरचं वर्षाचं उत्पन्न आणि कर ताळून पाहा. जास्त गेला असेल तर एचएमआरसीकडे परतावा मागा. करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतो. नोकरी सोडून पी४५ मिळाल्यावर बोनस आला तर तो ०टी कोडवर कापला जातो, करमुक्त रक्कम अजिबात न धरता. कायमचं भारतात परतताना असं झालं असेल तर पी८५ (ब्रिटन सोडत असल्याचं एचएमआरसीला कळवायचा) फॉर्म भरा आणि पी४५ व त्या शेवटच्या बोनसची पेस्लिप सामानात जपून न्या. कंपनीचं लॉगिन बंद झाल्यावर ती पुन्हा मिळवणं फार जिकिरीचं होतं.