विरजणातले जिवाणू मेले की नुसते थंडावले?

अर्धा लिटर दूध उकळून ४० अंशांपर्यंत निववा आणि सारख्या चार वाट्यांत प्रत्येकी १०० मिली घाला. 'अ'मध्ये विरजण नाही. 'ब' आणि 'क'मध्ये ५ मिली ताजं विरजण. 'ड'मध्येही तेवढंच, पण आधी ८० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं तापवून निवलेलं. 'क' फ्रिजमध्ये, बाकीच्या झाकून थर्माकोलच्या डब्यात, ४० अंशांच्या पाण्यात. पाणी निवलं की बदला.

डबा बंद करण्याआधी अंदाज पेनानेच लिहून घ्या, पेन्सिलीने लिहिलेला नंतर हळूच खोडला जातो. दर दोन तासांनी काडीने थेंब काढून पीएच कागदावर टेकवा (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट). वाटी हलवू नका, दही मोडतं. सुरुवातीचा पीएच साधारण ६.६ असतो, ४.६च्या आसपास दूध घट्ट होतं. ८ तासांनी थांबा. उकळीतून वाचलेल्या बीजाणूंमुळे (काही जिवाणूंच्या उष्णता सोसणाऱ्या सुप्त रूपांमुळे) 'अ'सुद्धा पुढे नासतं आणि तुलना फसते.

'क' आणि 'ड' दोन्ही पातळ दिसतील. मुलं म्हणतात, दोन्हींतले जिवाणू मेले. तसं असेल तर ऊब देऊनही 'क' लागायला नको. मग 'क' डब्यात ठेवा: काही तासांत दही लागतं. प्रयोगातलं काहीही चाखू नका.