मालवणात घर भाड्याने घ्यायचं म्हणता? आधी कुलर विसरा

दोन वर्षांआधी एप्रिलच्या शेवटी आम्ही अकरा जण मालवणला निघालो तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "घरात कुलर असते न तिकडे?" सगळे हसले. पण तिथे पोचल्यावर पहिल्या रात्री कोणालेच हसू आलं नाही, कारण आम्ही घेतलेल्या घरात तीन खोल्या आणि एसी एकाच खोलीत, बाकी दोन खोल्यांत पंखा. आपल्या नागपूरकडे पारा ४५ ला गेला तरी हवा कोरडी असते म्हणून कुलरच्या ताटीतलं पाणी उडतं आणि गार हवा येते, समुद्रकाठी हवेतच एवढी ओल असते की ते पाणी उडतच नाही, म्हणून तिकडे कुलर कोणी ठेवतच नाही. अंगाला घाम चिकटून राहते, टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाही. तर घरमालकाला फोन केला की "एसी आहे का" असं विचारू नका, "किती खोल्यांत आहे आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालते" असं विचारा.

जायचं कधी ते आधी ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, पण नाताळ ते एक जानेवारीच्या आठवड्यात भाडं ऐकून तुम्ही फोन ठेवून द्याल. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, घरं भरलेली असतात, आंबा मात्र तेव्हाच खायला मिळते. पावसाळ्यात घर स्वस्त मिळते खरं, पण स्कूबा, बोटी, किल्ल्यावर जाणं सगळं बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते त्यामुळे ज्या ताज्या मासोळीसाठी एवढं हजारेक किलोमीटर गेलो तीच मिळायची मारामार. नुसता पाऊस बघत भजी खायची असतील तर जा बापा, आपल्याकडे चिखलदरा त्याहून जवळ आहे.

गाडीचं म्हणाल तर नागपूर-मडगाव स्पेशल आठवड्यातून दोन दिवस असते, कुडाळला उतरायचं आणि तिथून तासाभरात मालवण. स्पेशल असल्याने ती किती दिवस चालू आहे हे बघूनच तारखा धरा, रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन कोकणची गाडी पकडायची असेल तर मध्ये पूर्ण दिवस ठेवा, सकाळच्या गाडीचं कनेक्शन धरायच्या भानगडीत म्हाताऱ्या माणसांना घेऊन पडू नका. आणि एक, आधी तिकीट मग घर. आम्ही उलटं केलं होतं, वेटिंग काही क्लिअर झालं नाही, मग तत्काळसाठी पहाटेपासून चार मोबाइल घेऊन बसलो.

आता घर. मालवण गावात, तारकर्लीत का देवबागेत? बाजार, जेट्टी, मासळीचा लिलाव, डॉक्टर हे सगळं गावात. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर, वाळू मस्त. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि एका बाजूला समुद्र अशी चिंचोळी पट्टी, दिसायला सगळ्यात भारी, पण रात्री क्रोसिन पाहिजे झाली तर बाइक काढावी लागते. लहान लेकरं नाहीतर म्हातारे सोबत असतील तर मी गावाजवळचंच म्हणीन.

"सी टच" या शब्दावर तर मी आता विश्वासच ठेवत नाही. आमच्या त्या घराचे फोटो बघून वाटलं पायरी उतरली की पाणी, प्रत्यक्षात समुद्र दिसायचा तो बाथरूमच्या खिडकीतून, तोही दोन माडांच्या मधून. म्हणून व्हिडिओ कॉल करा आणि म्हणा, दादा, फोन हातात धरून गेटपासून वाळूपर्यंत चालत चला. सरळ माणूस चालून दाखवते. जो म्हणते "आता नेटवर्क नाय, नंतर दाखवतो" त्याला दोनदा फोन करा, तिसऱ्यांदा सोडून द्या. सॅटेलाइट मॅपवरही बघून घ्या, मध्ये दुसऱ्याचं कुंपण असेल तर रस्ता फिरून जाते.

फोनवर अजून विचारायचं म्हणजे पाणी विहिरीचं का, प्यायला चालते का का मचूळ लागते. संडास किती आणि कमोड आहे का, गुडघेदुखीवाल्यांसाठी हे एसीपेक्षा महत्त्वाचं. गाद्या माणशी आहेत का "ॲडजस्ट होईल". लेकरांचे पैसे कितव्या वर्षापासून. आणि किचन वापरायला मिळते का नुसतं दाखवायला आहे, कारण काही ठिकाणी गॅसचे पैसे वेगळे घेतात आणि काही ठिकाणी मासे घरात शिजवूच देत नाहीत. आमच्यात आत्याबाई माळकरी, त्यांच्यासाठी वेगळी भांडी मागितली तर मालकीणबाईंनी स्वतःच्या घरातून आणून दिली, वर म्हणाल्या, "माजी आवस पण माळकरीच." आवस म्हणजे आई. शक्यतो मालक शेजारी राहतो असंच घर घ्या, निवास-न्याहारीवाल्या घरांमध्ये हे सुख असते. सांगितलं तर स्वयंपाकाला मावशीही मिळतात आणि सोलकढी त्यांच्याच हातची प्यावी.

पैसे सगळे एकदम पाठवू नका. थोडा टोकन द्या, बाकी पोचल्यावर. यूपीआयवर येणारं नाव आणि मालकाचं नाव जुळते का बघा, जुळलं नाही तर विचारा. तारीख बदलली तर टोकन पुढे धरता का, हे व्हॉट्सअपवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं कोणाच्याच लक्षात राहत नाही.

समुद्राचं एक गणित तिथल्या एका काकांनी शिकवलं. कॅलेंडरात तिथी बघायची, तीनने गुणायची, चारने भागायची, जो आकडा येईल साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. सकाळीही आणि रात्रीही, भरतीनंतरचे साधारण सहा तास ओहोटीचे. अंदाजच आहे हा, पण दिवस आखायला कामाचा. पाणी ओसरताना लेकरांना आत सोडायचं नाही, आपल्याला तलावाची सवय, तलाव काही पाय ओढत नाही. पाण्यात कुठे उतरायचं ते तिथल्या माणसालाच विचारा. सिंधुदुर्ग किल्ल्यावरची बोट जेट्टीवरून सुटते, १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला आहे, सकाळी लवकर जा, दुपारी तटावर पाय भाजतात, आणि हे मी नागपूरचा असून सांगून राहिलो.

घर सोडायची वेळ बहुतेक ठिकाणी सकाळी दहा असते आणि परतीची गाडी रात्रीची, तेव्हा बॅगा ओसरीवर ठेवू देता का आणि निघताना आंघोळीला एक बाथरूम देता का हे पहिल्याच फोनवर विचारून ठेवा, शेवटच्या दिवशी विचारलं तर पुढचे पाहुणे येऊन बसलेले असतात. ओले कपडे वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. कोकम आगळाच्या बाटल्या घ्याल तर झाकणाला टेप मारून उभ्या ठेवा, आमची एक भुसावळच्या अलीकडे सांडली आणि आत्याबाईंचं पांढरं लुगडं अजून गुलाबी आहे.