शेजारी आग लागली, तर मांजर-कुत्र्याला घेऊन बाहेर कसं पडायचं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या विंगमध्ये मीटर रूमला आग लागली. दुपारी तीनची वेळ. वॉचमनच्या शिट्ट्या, मग जिन्यातून "खाली या, सगळे खाली या". आमचा कुत्रा बंड्या पट्टा बघून शेपूट हलवत दाराशी आला. त्याला वाटलं, आज फिरायला लवकर निघालो. आमची मांजर ठमी मात्र बॉक्स बेडच्या मागच्या फटीतून आत शिरली आणि गोधड्यांच्या मागे जाऊन बसली. तिला न्यायचा पेटीसारखा कॅरियर होता लॉफ्टवर, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे. लॉफ्टला शिडी लागते आणि शिडी रंगकामवाल्यांनी गच्चीवर नेलेली. पंचवीस मिनिटांनी आम्ही चौघं खाली पोचलो, तेव्हा अग्निशमन दलाचे जवान पाइप गुंडाळत होते.

आग आमच्याकडे आली नाही म्हणून निभावलं, एवढंच. त्या आठवड्यात बसून जे ठरवलं आणि पुढच्या दोन महिन्यांत जे जमवलं, ते इथे सांगते. घर सातव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं आहे. तुमच्या घराप्रमाणे बदल करून घ्या.

सुरुवात लपायच्या जागांपासून

घाबरलेला कुत्रा बहुधा माणसाकडे येतो. घाबरलेली मांजर अंधारात शिरते. म्हणून कागद-पेन घेऊन घरभर फिरा आणि मांजर कुठे कुठे शिरू शकते ते लिहा: बॉक्स बेड, फ्रिजच्या मागे, वॉशिंग मशीनखाली, ओट्याखालचा सिलिंडरचा कप्पा, कपाट आणि भिंतीमधली फट, बाथरूममधला माळा. आमच्याकडे अशा नऊ जागा निघाल्या. बेडच्या फटीला सुताराकडून प्लायची पट्टी ठोकून घेतली, फ्रिजच्या बाजूला जाळी लावली. सगळ्या जागा बंद करू नका. मांजरीला लपायला एक तरी जागा हवीच, नाहीतर ती रोजच बेचैन राहील. फक्त ती जागा तुमचा हात पोचेल अशी असू दे. कॅरियरच ती जागा झाला तर उत्तम.

कॅरियर खाली काढा, आणि खालीच ठेवा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. बहुतेक घरांत कॅरियर फक्त डॉक्टरकडे जाताना निघतो, त्यामुळे तो दिसला की मांजर गायब. ही सांगड तोडायला आम्हाला तीनेक आठवडे लागले.

कॅरियर टणक प्लॅस्टिकचा आणि पुढून-वरून दोन दारांचा घ्या. कापडी बॅगांच्या चेन घाईत अडकतात आणि बिथरलेल्या मांजरीची नखं त्यातून आरपार येतात. वरचं झाकण सोडवून नुसता खालचा भाग बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवा, आत तिची जुनी मळकी गोधडी घाला. धुतलेली नको, तिचाच वास हवा. पहिले काही दिवस जेवणाची वाटी कॅरियरच्या तोंडाशी ठेवायची, मग रोज चार बोटं आत सरकवायची. ती आत बसून निवांत खायला लागली की झाकण बसवा. मग खाताना दार क्षणभर लावून लगेच उघडा. मग उचला, दारापर्यंत नेऊन परत ठेवा. मध्ये एखाद्या दिवशी ती बिथरली तर दोन पायऱ्या मागे या. घाई केलीत की पुन्हा पहिल्यापासून.

बरोबरीने एक आवाज ठरवा. आम्ही खाऊचा स्टीलचा डबा खुळखुळवतो. डबा वाजला की कॅरियरमध्ये खाऊ मिळणार, एवढं तिच्या डोक्यात बसलं पाहिजे. संकटात आपला आवाज चढलेला असतो आणि त्या आवाजाला मांजर येत नाही. डब्याचा आवाज मात्र तोच राहतो.

तरीही नाहीच आली, तर? कॅरियर दार वर येईल असा उभा करा, मांजर टॉवेलात गुंडाळा आणि मागच्या पायांकडून आत सोडा. डोक्याकडून ढकलायला गेलात तर ती चारी पाय दाराच्या कडांवर रोवते. कॅरियर हाताशी नसेल तर उशीचा मोठा सुती अभ्रा चालतो. मांजर आत, तोंडाला गाठ, आणि चला. दिसायला वाईट दिसतं, पण सुती कापडातून हवा जाते आणि तेवढ्या वेळापुरतं पुरतं. आमच्या पलंगाच्या खुंटीला एक अभ्रा आता कायम टांगलेला असतो. दोन मांजरी असतील तर दोन कॅरियर. एरवी गळ्यात गळा घालून झोपणाऱ्या मांजरी घाबरल्यावर एकमेकींनाच बोचकारतात.

कुत्र्याला जिना येतो का?

प्रश्न हास्यास्पद वाटेल. बंड्या लहानपणापासून लिफ्टनेच खाली जातो. आगीत लिफ्ट वापरायची नसते. त्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी येऊन हा पठ्ठ्या चारी पाय ताणून उभा राहिला. गुळगुळीत कडाप्पा, उघडा कठडा, खालून येणारे आवाज. शेवटी मुलाने त्याला उचलला. बंड्या चौदा किलोचा आहे म्हणून जमलं. तीस किलोचा लॅब्रडॉर सात मजले कोण उचलणार?

तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी फिरून येताना आणि जाताना जिना वापरा. आधी एक मजला, मग दोन. कुत्रा म्हातारा किंवा सांधे धरलेला असेल तर जाड चादर पोटाखालून घेऊन दोघांनी दोन बाजूंनी धरायची सवय करा. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, बरा: पट्ट्यातून घाबरलेला कुत्रा डोकं मागे ओढून सुटतो. पट्टा आणि हार्नेस दाराजवळच्या खिळ्यालाच हवेत, पट्टा शोधायला कुणी आतल्या खोलीत जाता कामा नये.

पक्षी आणि मासे

घरात पिंजरा असेल तर पक्षी पहिला बाहेर. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि श्वासातली हवा ते आपल्यापेक्षा कितीतरी चोख वापरतात. म्हणूनच विषारी वायूही त्यांना लवकर भिनतो. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत धोक्याची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी बाळगत, ते 1986 पर्यंत. आपल्याला नुसता ठसका लागतो तेवढ्या धुरात पक्षी मरू शकतो. मोठा पिंजरा जिन्यातून नेणं कठीण, म्हणून एक छोटा प्रवासी पिंजरा आणि वर टाकायला पातळ चादर ठेवा. (आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, हे माहीत नसलेली घरं अजून बरीच आहेत.)

माशांची टाकी उचलून नेता येत नाही. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो, तेव्हा धूर यायला लागला की पंप बंद करून टाकीवर ओला कपडा टाका आणि निघा. माशांसाठी थांबू नका.

दाराजवळची पिशवी

पिशवीचं फार स्तोम माजवू नका. जी उचलवत नाही ती घरीच राहते. आमच्यात आहे: तीन दिवसांचं कोरडं खाणं, ओल्या खाण्याची चार पाकिटं, पाण्याच्या दोन बाटल्या, एक घडीची वाटी, मांजरीच्या वाळूसाठी मिठाईचा रिकामा खोका आणि थोडी वाळू, जुना टॉवेल, गॉज पट्टी. बंड्याच्या फिटच्या गोळ्या वेगळ्या डबीत, वर डोस लिहिलेला. लसीकरणाच्या कार्डाची आणि महापालिकेच्या परवान्याची झेरॉक्स, आणि हेच सगळं फोनमध्येही. दोघांचा प्रत्येकी एक फोटो हवा, तोही आपल्याबरोबर काढलेला. प्राणी हरवला आणि कुणाला सापडला, तर तो आपलाच हे दाखवायला त्याचा उपयोग होतो. मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा पंधरा अंकी क्रमांकही लिहून ठेवा.

पिशवीत मावत नाही अशी एक गोष्ट आधी ठरवायची: जायचं कुठे? सोसायटीचा हॉल, लॉज किंवा ज्यांच्या मुलाला मांजरीची ॲलर्जी आहे अशी मावशी, यांतलं काही ऐनवेळी चालेलच असं नाही. दोन घरं आणि एक बोर्डिंग आजच फोन करून विचारून ठेवा. रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठला, हेही. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं, पण अपरात्री तिथपर्यंत पोचायला आपल्याला किती वेळ लागेल याचा हिशोब कुणी केलेला नसतो.

घरी कोणीच नसताना

शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली आहे. ठमीला काकू माहीत आहेत, कारण महिन्यातून एकदा तरी डबा वाजवून खाऊ त्याच घालतात. नुसती किल्ली देऊन भागत नाही.

दारावर एक चिठ्ठी लावा: आत किती प्राणी, कोणते, बहुधा कुठल्या खोलीत, आणि आपला नंबर. प्राणी घरात नसेल, गावी नेला असेल, तर चिठ्ठी काढून ठेवा. नसलेल्या मांजरीला शोधत एखादा जवान धुरात फिरत राहणं ही फार वाईट गोष्ट आहे. कुत्र्याला घरात साखळीने बांधून बाहेर जायची सवय असेल तर ती सोडा. खिडक्यांना सेफ्टी ग्रिल असेल तर त्यात आतून उघडणारी झडप करून घ्या, आणि तिच्या कुलपाची किल्ली तिथेच जवळ टांगा.

गावाकडे गोठा असेल तर एकच सांगते. दाव्याला निरगाठ नको, सुरगाठ मारा. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. फेब्रुवारी ते मे, वणव्याच्या आणि पाचट पेटवण्याच्या दिवसांत, हे फार महत्त्वाचं. सोडवलेली जनावरं भेदरून पुन्हा गोठ्यातच धावतात, म्हणून बाहेर काढल्यावर गोठ्याचं फाटक लावून घ्या.

आग शेजारी, आपण घरात

आमची खरी चूक इथे झाली होती. "बघू या, विझेल" म्हणत आम्ही पहिली दहा मिनिटं खिडकीत घालवली. आता नियम ठरलेला आहे: बंबाचा भोंगा किंवा जळका वास आला की बाहेर जायचं की नाही हे ठरायच्या आधीच ठमी कॅरियरमध्ये आणि बंड्या हार्नेसमध्ये. आग विझली तर खाऊ देऊन सोडायचं. फुकटची धावपळ झाली असं वाटेल, पण तीच आपली तालीम.

कामं वाटून घ्या. आमच्याकडे मुलगा कुत्रा, मी मांजर, नवरा पिशवी आणि गॅस-मेन स्विच बंद करणं. सासूबाईंचं काम सोपं पण पक्कं: बेडरूम आणि बाथरूमची दारं लावून टाकायची, म्हणजे मांजरीला पळायला जागा उरत नाही. पहिल्या तालमीत दारापर्यंत यायला सहा मिनिटं लागली. आता दीड मिनिटाच्या आत होतं, ठमीचा मूड बरा असेल तर.

आग आपल्याच घरात असेल तर हे सगळं विसरा. हाताशी आहे तो प्राणी घ्या आणि निघा. दिसत नसेल तर शोधू नका. दार ओढून घ्या आणि किल्ली खाली जवानाच्या हातात द्या: "सातवा मजला, मांजर, मागच्या खोलीत, बेडखाली असेल." एवढं एक वाक्य स्पष्ट सांगता आलं पाहिजे. मांजरीसाठी परत वर जाऊ नका. हे लिहितानाही मला जड जातंय, पण वर गेलात तर जवानांना तुम्हालाही शोधावं लागतं.

जिन्यात धूर दाटला असेल तर खाली उतरू नका. आगीपासून लांबच्या, खिडकी असलेल्या खोलीत सगळ्यांनी जा, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, 101 किंवा 112 वर फोन करून मजला, घर नंबर आणि आत किती माणसं, किती प्राणी ते सांगा. उंच इमारतींत रिफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेली मोकळी जागा, असतो. तो कुठल्या मजल्यावर आहे आणि तिथे कुणी जुनं फर्निचर रचून ठेवलंय का, ते आजच बघून या.

खाली आल्यावर

कॅरियर उघडू नका. कितीही केविलवाणी ओरडली तरी नाही. गर्दी, भोंगे आणि अनोळखी जागा. सुटलेली मांजर त्या दिवशी सापडत नाही. कॅरियरवर टॉवेल टाका. कुत्र्याला गर्दीपासून लांब उभा करा. एरवी गरीब असलेला कुत्रा दुखावल्यावर चावू शकतो. ओढणीने तोंड बांधता येतं, पण धाप लागलेल्या, उलटी करणाऱ्या किंवा पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला कधीही बांधू नका.

धूर लागला असेल तर दोन दिवस लक्ष ठेवा, कारण त्रास कधीकधी दुसऱ्या दिवशी वर येतो. खोकला, जोरजोरात श्वास, अडखळत चालणं, लालभडक हिरड्या, आणि मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर थेट डॉक्टर. भाजलं असेल तर साधं वाहतं पाणी दहा मिनिटं. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच नको. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे. अंगावरची काजळी ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर ती चाटून पोटात जाते. पंजेही तपासा.

घरी परतल्यावर आधी माणसांनी आत जाऊन पाण्याच्या वाट्या ओतून द्या, फरशी पुसा, फुटलेल्या काचा उचला. मांजरीला दोन दिवस एकाच खोलीत ठेवा. घराचा वास बदललेला असतो, तिला ते परकं वाटतं.

पिशवीतलं खाणं आणि गोळ्या जुन्या होतात. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सोसायटीला दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावं लागतं. त्याच दोन महिन्यांत सेक्रेटरींना तो भरला का हे विचारते आणि घरी येऊन पिशवी उलटी करून भरते. जुनी पाकिटं पार्किंगमधल्या भटक्यांना मिळतात, त्यामुळे आता जुलै आला की तेच आधी दाराशी येऊन बसतात.